कुंपणाकडचं गवत

आई, सांगायचंय ते तसं काही मोठं नाही. आम्ही गवत कापायचं यंत्र घेतलं. तू गेलीस त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात तुला सांगण्यासारखं पुष्कळ होऊन गेलं, पण तेव्हा कधी कागद पुढे ओढला नाही. परवा मात्र अंगणात उभी राहून ते यंत्र चालताना बघत होते आणि तू फार आठवलीस, म्हणून बसलेय.

आधी घराचं सांगते. इथे टॅम्पिनीस भागातला आमचा फ्लॅट तू पाहिला होतास. गॅलरी नाही तर पापड कुठे वाळवता, असं विचारलं होतंस. तो आता सोडला. तुझी नात नोकरीला लागली, वन-नॉर्थ भागात तिचं ऑफिस आहे, ती मैत्रिणींबरोबर तिकडेच राहते आणि रविवारी जेवायला येते. तुझे जावई मागच्या वर्षी बोटीवरून कायमचे उतरले. त्याच सुमारास त्यांचा एक मित्र मुलाकडे ऑस्ट्रेलियाला राहायला गेला आणि बिशानजवळचं स्वतःचं घर त्याने आम्हाला भाड्याने दिलं. रांगेतलं शेवटचं घर, त्यामुळे एका बाजूला अंगणाची लांब पट्टी आहे. अंगण नीट राखायचं, एवढी एकच अट त्याने घातली. इथे ऊन आणि पाऊस दोन्ही बारमाही, त्यामुळे गवताला थांबणं ठाऊक नाही.

मला खरी धास्ती गवताची नव्हती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही राहिलो ते रजांपुरते. ह्यांचे चार महिने घरी, मग बोटीवर. घरी असले की पाहुण्यासारखं कौतुक, आणि कौतुक ओसरायच्या आत बॅगा भरायची वेळ. आम्हाला रोजच्या रोज एकत्र राहता येतं का, ते कधी करूनच पाहिलं नव्हतं. बोटीवर हे चीफ इंजिनिअर, इंजिनरूममध्ये शिरले की माणसं सरळ उभी राहत. इथे उभं राहायला मीच. सकाळी उठून हे फ्रिजला कान लावत. वॉशिंग मशीन सुरू असलं की त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि बेअरिंग जाणार म्हणत. एकदा मी क्लिनिकमधून आले, मी तिथे अर्धा दिवस काउंटर सांभाळते, तर मसाल्यांचा खण पूर्ण नव्याने लावलेला. आमटी उकळतेय आणि मला हिंग सापडत नाही. "अहो, हिंग कुठाय?" तर बाहेरून उत्तर, "दुसरी रांग, डावीकडे." हिंग तिथेच होता. तरी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

तेव्हा मला भुसावळचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबा रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झाले होते आणि मी बाळंतपणाला आले होते. बाबा ओट्याशी उभे राहून तुला गॅस बारीक कर, झाकण ठेव, असं सांगत असायचे, आणि तू काहीच न बोलता पोळ्या लाटायचीस. मग एक दिवस तू दळणाचा डबा त्यांच्यासमोर ठेवलास. "आजपासून गहू तुमचे," म्हणालीस. गहू बघून आणायचे, निवडायचे, गिरणीत न्यायचे, सगळं त्यांनी. बाबा पहिल्यांदा दळण घेऊन आले ते मला अजून दिसतंय. शर्टावर पीठ सांडलंय, चेहरा खूश. आणि पीठ इतकं जाडं की पोळीच्या कडा फाटतायत. आपण जेवायला बसलोय, मी घास मोडते आणि बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात तू माझ्याकडे बघतेस. बस, बघतेस. नंतर मोरीपाशी मला म्हणालीस, "त्यांना सांगायला गिरणीवाला आहे. तू पोळी खा." मला तेव्हा राग आला होता. पुढच्या खेपेला बाबा स्वतःच म्हणाले, मागच्या वेळी जरा जाडं झालं, या वेळी मी त्याला जातं आवळायला लावलं. त्यानंतर ओट्याशी ते आले ते फक्त चहा मागायला.

तर गवत. कंत्राटदाराचा माणूस महिन्यातून एकदा येऊन कापून जायचा, तो यायचा बंद झाला. मोकळ्या जागेवर ढकलायचं यंत्र मित्राने ठेवलंय, पण कुंपणाच्या तारेखाली, गटाराच्या काठाला, नारळाच्या बुंध्याशी ते पोचत नाही. तिथे गुडघ्यापर्यंत गवत आलं. त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं. लांब दांडा आणि त्याच्या टोकाशी पात्याऐवजी नायलॉनची जाड दोरी. ती गरगर फिरते आणि तिच्या फटक्याने गवत तुटतं. वायरचं मिळतं, बॅटरीवरचं मिळतं, पेट्रोलचं मिळतं. हे पहिल्या दिवसापासून पेट्रोलवर अडून बसले. टू-स्ट्रोक इंजिन आहे, तेल मी मिसळीन, ताकद त्यातच असते, हे ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शेजारच्या आजी दुपारी झोपतात, भिंतीला भिंत आहे, आणि तुमचा दुखरा खांदा? वायरचं हलकं असतं, पण ओल्या गवतातून वायर ओढत फिरणं मला नको होतं. बॅटरीचं आपल्याला पुरे, हे मी फोनवर सगळं वाचून ठरवून टाकलं होतं. लेकीनेही फोनवर इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून सांगितलं, "बॅटरीवालंच घ्या लाह, पप्पा. एवढंसं तर गार्डन आहे." एवढंसं म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला.

शनिवारी आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईने विचारलं, "अंकल, पेट्रोल की बॅटरी?" माझं उत्तर तयार होतं, अगदी जिभेवर. पण मी म्हटलं, "तुम्ही घ्या बघून. मी समोर कॉफी पिते." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजारी वगैरे आहे. मी रस्ता ओलांडून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांत, जाऊन बसले. थोड्या वेळाने दुकानाच्या मागच्या गल्लीतून इंजिनाचा आवाज आला, तो पार माझ्या टेबलापर्यंत. मी मनात म्हटलं, झालं, आता तेच यंत्र घरी येणार, आणि शेजारच्या आजींना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले. आवाज बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही. कॉफी संपली तरी मी उठले नाही.

हे आले ते काखेत लांबट खोकं घेऊन. ते बॅटरीचं होतं. मी काही विचारलं नाही, त्यांच्यासाठी चहा आणला. अर्धा चहा झाल्यावर हेच बोलले. "ते पेट्रोलचं सुरू केलं ना, तर माझे खांदे आपोआप वर आले. बोटीवर झोपेतसुद्धा माझा कान इंजिनाकडे असायचा. आवाज जरा बदलला की जाग यायची. घरी येऊन वर्ष झालं, मी अजून तसाच झोपतो." मग म्हणाले, "म्हणून ते वॉशिंग मशीन ऐकत बसतो. तुला त्रास होतो, कळतं मला."

"होतो," मी म्हटलं. "पण हिंग आता लगेच सापडतो."

हे हसले. आई, मला इतकी वर्षं वाटत होतं की ह्यांचं मन त्या इंजिनांत अडकलंय, आणि मी त्या इंजिनांचा राग करत होते. हे तर त्यांतून सुटायची वाट बघत होते. विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी लांब विजार घातली, चष्मा लावला, पट्टा खांद्यावर घेतला. यंत्र गुणगुणतं, त्याहून मोठा आवाज नाही. शेजारच्या आजी त्यांच्या फाटकाशी येऊन बघत उभ्या राहिल्या. दोरी झिजली की यंत्राचं डोकं जमिनीवर टेकवायचं, नवी दोरी बाहेर येते, तर हे उगीचच दर दोन पावलांना टेकवत होते. झाल्यावर मला हाक मारली, "अगं, ये, बघ." कुंपणाची कड पार मुळापर्यंत कापली होती. माती दिसत होती. मी म्हटलं, "स्वच्छ झालं." तेवढ्यात लेक आली, फाटकातूनच तिने पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, हे तर पार बोटाक केलंत." इथे टकल्या माणसाला बोटाक म्हणतात. तू बघायचीस तसं मी तिच्याकडे बघितलं. ह्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघं बापलेक इतके हसले की आजीही हसायला लागल्या, त्यांना काही कळलं नसताना. तुझ्याकडून शिकलेलं गप्प राहणं प्रत्येक घरात चालतंच असं नाही, एवढं मला त्या दिवशी दिसलं. आता हे दोरी जमिनीपासून वीतभर वर धरतात. कड हिरवी होत आलीये. आणि दुपारी जेवण झालं की हे झोपतात, चांगले घोरत झोपतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तेव्हा तुलाच सांगते. काल हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी चपला काढून बूट घातले, यंत्र खुंटीवरून उतरवलं आणि नारळाभोवतीचं गवत कापलं. सगळं कापलं, जरासं ह्यांच्यासाठी ठेवायचं ठरवून सुद्धा सगळं कापलं. मग पुसून परत खुंटीला लावलं. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा एक दिवा कमी झालाय, आणि तो ह्यांच्या नजरेला पडल्याशिवाय राहणार नाही. पण ह्यांनी अजून विचारलेलं नाही, आणि मला पुन्हा कापायचंय.