बायकांचा दरवाजा

१ फेब्रुवारी १९५९, रविवार

आज आमच्या घरात आलो. आमच्या म्हणजे फक्त आम्हा दोघांच्या! वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत अकरा माणसं. लग्नाला वर्ष झालं, पण यांच्याशी दोन शब्द बोलायचे तर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत जावं लागे. आणि आता लालबागच्या गल्लीतलं अख्खं थिएटर!

हेमलता टॉकीज तीन वर्षं बंद आहे. रिकाम्या जागेत कोणी घुसू नये म्हणून मालकाला तिथे राहणारं कुटुंब हवं होतं. मालकाचा कारभार बघणारे नाना हे यांच्या मिलमधल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीचे. त्यांनी यांना बोलावून सांगितलं की शिवा, जागा सांभाळ आणि खुशाल राहा. पूर्वी जिथे तिकिटं विकत, ती खोली आम्हाला दिलीय. खोलीबाहेर बोळ आहे. उजवीकडे गेलं की पोर्च आणि रस्ता, डावीकडे बायकांच्या वर्गाचा, म्हणजे खेळाला बायका वेगळ्या बसत त्या भागाचा, दरवाजा. पोर्चच्या भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं गेरूने लिहिलंय, माझ्याहून उंच अक्षरात.

संध्याकाळी बुद्धांची तसबीर लावली, वंदना केली. नंतर मी मोठ्याने गाणं म्हटलं. गप्प बस म्हणणारं कोणी नव्हतं. हे नुसते हसत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे मिलमध्ये गेल्यावर बायकांचा वर्ग झाडून काढला. दरवाजाला बाहेरून जाडजूड कडी आहे, आतून काहीच नाही. लहानपणी आईबरोबर अशाच एका थिएटरात गेले होते. बायका घरून भाकरी आणत, पोरांना पाजत, पडद्यावर नायिका रडली की सगळ्या मिळून रडत. इथे भिंतीत उंचावर एक झरोका आहे, तेवढाच उजेड. खुर्च्या मिटणाऱ्या आहेत. पुसून सगळ्या मिटून ठेवल्या.

समोर फुटपाथवर सुंदराबाई खारे दाणे विकते. मालवणची, थिएटर चालू होतं तेव्हापासून तिथेच बसते. मी कुठे राहते ते सांगितल्यावर तिने दाणे दिले आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या रांगेतल्या काही खुर्च्या उघडलेल्या सापडल्या. यांना सांगितलं. यांनी तेलाचा डबा आणला, स्प्रिंगा तपासल्या आणि जुनं सामान म्हटल्यावर असं व्हायचंच, असं म्हणाले.

मीही तेच धरून चाललेय. पण आज दुपारी तांदूळ निवडत असताना बोळातून आवाज येत राहिला. मिटलेली खुर्ची बसायला खाली पाडल्यावर होतो तसा. एक, मग जरा थांबून दुसरा. खेळाला बायका एकेक करून येऊन बसाव्यात तसा.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी आतून कोणी दरवाजा ठोठावला. जोराने नाही, शेजारीण विरजण मागायला येते तसा. मला भीती वाटली नाही. वाटलं, नवऱ्याने मारलेली एखादी बाई आत येऊन लपली असेल आणि कडी चुकून पडली असेल. पण कडी मीच लावली होती, हे उघडल्यावर आठवलं.

आत कोणी नव्हतं. मागच्या दोन रांगा उघडलेल्या. हवा मात्र कोंदट, खूप माणसं बसून गेल्यासारखी, गजऱ्यांचा आणि घामाचा वास. एका खुर्चीवर हात ठेवला. ती गरम होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुंदराबाईला गाठलं. ती सांगेना. मी हलेना, तेव्हा तिने दाण्यांची टोपली झाकली आणि सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी, आंदोलनात गोळीबार झाला त्या दिवसांत, दुपारचा खेळ चालू असताना रस्त्यावर धावपळ उडाली. जमाव आत येईल, पोलीस आत येतील म्हणून मॅनेजरने सगळ्या दरवाजांना बाहेरून कड्या घालायला लावल्या. अश्रुधुराचं एक नळकांडं झरोक्यातून बायकांच्या वर्गात पडलं. पुरुषांनी त्यांचा दरवाजा मोडला. बायकांचा कोणी उघडला नाही. दारावरचा माणूस पळाला होता आणि सुंदराबाई समोर एका दुकानात अडकली होती. बायका दार ठोठावत होत्या ते तिला तिथपर्यंत ऐकू येत होतं. हळूहळू कमी झालं.

“बायो, आत गेल्या त्या आतच रवल्या,” एवढंच ती शेवटी म्हणाली.

यांना म्हटलं, आपण वरळीला परत जाऊ. हे म्हणाले की धाकट्या भावाचं लग्न ठरलंय आणि आपला कोपरा त्याला देऊन टाकलाय. आणि दीक्षा घेतलेल्या माणसांनी भुताला भिऊन घर सोडलं, हे चाळीत कोणत्या तोंडाने सांगायचं? मी भूत म्हटलंच नव्हतं. बायका म्हटलं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज हे घरी होते. यांनीही ऐकलं.

जेवताना हातातला घास तसाच राहिला. हे उठले, बोळात गेले, दरवाजाला कान लावला. परत आले तेव्हा चेहरा पांढरा होता. यांनी सांगितलं, आत एक बाई माझ्या आवाजात ‘अहो’ म्हणाली. मी तर खोलीत ताटावरच बसले होते.

लगेच जाऊन मोठं कुलूप आणलं. कडीला घातलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात बांधली. मला समोर बसवून म्हणाले, “आतून कोणीही हाक मारू दे. माझ्या आवाजात मारू दे, तुझ्या आवाजात मारू दे. आपण उघडायचं नाही. मीपण नाही.”

मी हो म्हटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूप तसंच आहे. ठोठावणं थांबत नाही. आता पुष्कळ हात असतात. त्यात एक हात अगदी खालून, लहान मुलाचा. दुपारी खोलीत बसवत नाही. वही घेऊन पोर्चमध्ये जाते, सुंदराबाई दिसेल अशी बसते.

त्यांना मी कोण ते ठाऊक आहे. मालन अशी नावाने हाक मारतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

यांनी मिलमधल्या बाबुरावांना विचारलं. रविवारपर्यंत त्यांच्या परळच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत झोपू देतो म्हणाले. गॅलरी तर गॅलरी. उद्या हे मिलमधून आले की निघायचं. ट्रंक भरली. आज पोटभर जेवले.

१९ फेब्रुवारी

वही काखेत घेऊन पोर्चकडे निघाले होते. खोलीचं दार उघडलं, पाऊल टाकलं —

बोळ नाही. इथे आहे. बायकांच्या वर्गात. मागे वळले तर मागे तोच दरवाजा, बंद. कुलूप बाहेर. किल्ली यांच्या गळ्यात.

ओरडून घसा बसला. झरोक्यापर्यंत हात पोचत नाही. खुर्चीवर चढले तर खुर्ची मिटते. त्या उजेडात लिहितेय.

खुर्च्या पडायला लागल्या. पहिल्या रांगेपासून. मी बघत नाही. वहीकडेच बघतेय.

शेजारची पण पडली.

गजऱ्याचा वास. कोणीतरी माझा पदर सारखा केला — आई करायची तसा. वाईट नाहीत त्या. पण हात किती गरम —

मिलचा भोंगा झाला. हे येतील.

आले. चपला ओळखल्या. खोलीत गेले, ट्रंक सरकवली. दोन्ही हातांनी दार बडवतेय. अहो, मी आहे, मालन आहे, खरंच मी —

हे थांबले. दारापाशी आले. श्वास ऐकू येतोय, एका फळीपलीकडे. किल्ली कुलपाला लागली —

“नाही,” म्हणाले. रडत होते. “मालन बाहेर गेलीय. मी तिला घेऊन जाणार आहे.”

पोर्चकडे गेले. मला शोधतायत. हाका मारतायत. मालन. मालन. सुंदराबाईला विचारतायत —

रस्त्यावर गेले. अजून ऐकू येतंय. मालन — लांबून —

मी ओ दिली. माझ्याबरोबर सगळ्याजणींनी ओ दि