बंद पाकिटातली खेळी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा कृतानेक साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी डावा गुडघा जमिनीला टेकवायला मनाई केली आहे, त्यामुळे आठांपैकी एक अंग कमी पडेल, गोड मानून घे.) तुझ्या डोळ्यांचं कसं आहे? नवा चष्मा वापरतेस, की जुनाच नाकावर ठेवून नव्याला नावं ठेवतेस? भाऊजींचा खोकला आणि रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी त्यांचं भांडण, दोन्ही जोरात चालू असेल असं धरून चालतो.

इकडचं सांगायचं तर मी खुशाल आहे आणि हरलो आहे. पोरींनी म्हाताऱ्यांना धुऊन काढलं, असं भाचीने तुला फोनवर सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. अडीच विरुद्ध दीड, याला धुणं म्हणत नाहीत. आणि त्यातला शेवटचा एक गुण माझ्यामुळे कसा गेला, ते दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच लिहावं म्हणून हा खटाटोप. पत्र लांबेल. डोळे दुखले तर भाऊजींकडून वाचून घे. फक्त शेवटची ता. क. वाचायची वेळ आली की त्यांना चहा करायला पाठव.

तर झालं असं, की कुणा हौशी मंडळींनी ज्येष्ठ ग्रँडमास्टर विरुद्ध तरुण मुली असा चार पटांचा सामना ठरवला. आमच्याकडून कप्तान, प्रोफेसर, फौजदार आणि मी. (प्रोफेसरने जन्मात कुणाला शिकवलेलं नाही आणि फौजदार पोस्टात होता, पण नावं पडली ती पडली.) पलीकडच्या चौघींची वयं मिळून शहाऐंशी, आणि आमच्या कप्तानाचं एकट्याचं अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या, आमच्या हातात गोळ्यांच्या डब्या. आम्ही चौघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करता करता अर्धा तास घालवला, तोवर त्या पोरी हॉलमध्ये जाऊन, पट बघून, उजेड बघून, परत येऊन केळी खात बसल्या होत्या.

हॉल एका विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरचा. उजेड छान, पण खुर्च्यांना चाकं! आता तूच सांग, बुद्धिबळाला चाकाची खुर्ची चालते का? विचार करताना माणूस टेबलावर हात दाबतो की नाही? दाबला की खुर्ची मागे. फौजदार तर पहिल्याच तासात विचाराच्या भरात भिंतीपर्यंत गेला आणि तिथूनच वजीर कुठे हलवावा याचा विचार करत राहिला. कप्तानाने सकाळपासून पंचांकडे खुर्च्यांविषयी तीन लेखी तक्रारी दिल्या. हे मी उगाच सांगत नाही, त्या तक्रारींचा पुढे संबंध येतो.

खेळाआधी भाषणं. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीची गोष्ट सांगितली. हो, तीच. बाबा स्पर्धेला दोघांपैकी एकालाच घेऊन जाणार होते, तू सतरा वर्षांची, मी बारा, आणि जो जिंकेल तो जाईल असं ठरलं. मोठ्या ट्रंकेवर पट मांडला. जेवायची वेळ झाली तेव्हा डाव अर्धा होता, म्हणून तू मोठ्या खेळाडूंसारखी पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद केलीस आणि आईने ते पाकीट गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. सकाळी उठून, पाकीट न फोडताच, तू म्हणालीस की मी घाईत चुकीची खेळी लिहिली, मी हरले, तू जा. (पाकीट पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक, असं मी या ठिकाणी नेहमी म्हणतो, आणि लोक नेहमी हसतात.) तर अशा रीतीने बाराव्या वर्षी थोरल्या बहिणीला हरवून माझी सुरुवात झाली, म्हणून मुलींनो, जिद्द सोडू नका. टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त माझ्यासमोर बसायच्या पोरीने. वय एकोणीस, केस आखूड, मनगटावर पेनाने काहीतरी हिशेबासारखं लिहिलेलं (दुसऱ्या दिवशी तिची रसायनशास्त्राची परीक्षा होती म्हणे). खुर्चीत बसता बसता तिने विचारलं, "मग ताई आता कुठे खेळतात?"

मी म्हटलं, तिचं लग्न झालं.

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली, आणि घड्याळ सुरू केलं.

ताई, मी पन्नास वर्षांत नाना तऱ्हेचे प्रतिस्पर्धी पाहिले. टेबलाखालून पाय हलवणारे, सफरचंद कुरकुरणारे, माझ्या कपाळाकडे एकटक बघणारे. पण डावाच्या आधीच माझं चित्त कुणी इतकं उडवलं नव्हतं. पहिल्या दहा खेळ्या मी काय केल्या ते मला वर्तमानपत्रातून कळलं.

पुढे मात्र सावरलो. दुपार उतरली. कप्तानाने कानातलं यंत्र बंद करून बरोबरी केली (समोरची बरोबरी नको म्हणत होती, ते त्याला ऐकूच आलं नाही, शेवटी तीच कंटाळली). प्रोफेसर जिंकला, फौजदार भिंतीपाशी हरला. दीड-दीड. उरलो मी. खुर्च्या सरकल्या, लोक माझ्या पटाभोवती जमले, खिडकीतून तिरपं ऊन आलं, आणि माझ्या वहीत चाळिसावी खेळी लिहून झाली. आता इथे माझं काय झालं ते नीट समजून घे, कारण कप्तानाला अजून समजलेलं नाही.

आपल्या काळी चाळीस खेळ्या झाल्या आणि संध्याकाळ झाली की डाव तहकूब व्हायचा. ज्याची पाळी त्याने खेळी पटावर न करता कागदावर लिहायची, पाकिटात घालून डिंकाने चिकटवायची, वर सही करून पंचांच्या हवाली करायची. घड्याळं थांबायची, ती जुनी घड्याळं, वेळ संपली की ज्यांची लाल झेंडी टपकन पडायची. मग डोकं असं हलकं व्हायचं म्हणून सांगू! खेळी आता पाकिटात, तिची काळजी पंचांना. आपण चहा प्यायचा, प्रतिस्पर्ध्याबरोबरच फिरायला जायचं, डाव सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं. माझे निम्मे मित्र मला तहकूब डावांनी दिले. आता यंत्रं आली, कुठल्याही डावाचं उत्तर चुटकीसरशी सांगतात, म्हणून ती पद्धतच गेली. तीस वर्षं झाली जाऊन. हे मला ठाऊक आहे. माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

खिशात जेवणाच्या कुपनांचं पाकीट होतं. कुपनं काढली, खेळी लिहिली, पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं, सही ठोकली, पंचांच्या टेबलावर ठेवलं आणि दोन जिने उतरून उपाहारगृहात जाऊन बसलो. घड्याळात माझी चौदा मिनिटं शिल्लक होती आणि ती पळत होती. पंचांना वाटलं, खुर्च्यांविषयी चौथी तक्रार आली. त्यांनी पाकीट न फोडता खिशात टाकलं.

मी चहावाल्या बाईंना तहकूब डावांच्या गमती सांगत होतो, तेवढ्यात माझी प्रतिस्पर्धी धापा टाकत जिना उतरून आली. "आजोबा, इथे काय करताय? तुमचं घड्याळ चालू आहे!"

ताई, तिला गप्प बसून राहता आलं असतं. पाणी पीत, मनगटावरचं रसायनशास्त्र वाचत. सामना तिच्या संघाच्या खिशात होता. (वर पंच तिला रागावले, खेळ चालू असताना प्रतिस्पर्ध्याशी बोललीस म्हणून. तिने ऐकून घेतलं.) दोन जिने चढताना माझा गुडघा दोनदा तहकूब झाला. ती प्रत्येक वळणावर थांबत होती. पटापाशी पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस सेकंद उरले होते, आणि मला माझी खेळी आठवेना. पाकिटात घातली की डोक्यातून जाते, हीच तर त्या पद्धतीची मजा होती! मी पंचांकडे पाकीट मागितलं. ते म्हणाले, लिहून ठेवलेलं बघता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, अहो, लिहिलेली खेळी म्हणजे केलेली खेळी, हाही नियम होता. ते म्हणाले, होता. मी बोट वर करून त्यांना नियमाचं वर्ष सांगत असतानाच वेळ संपली. तेवढ्यात कुठलंही प्यादं पुढे सरकवलं असतं तर निदान डाव चालू राहिला असता, असं कप्तान म्हणतो. कप्तानाशी मी बोलत नाही.

मग त्या पोरीने पाकीट मागून घेतलं. कागद उघडला, पटावर खेळी केली. घोडा माघारी, स्वतःच्या मूळ घरात. हीच ती खेळी, जिला वर्तमानपत्रवाले चाळीस वर्षं माझी खेळी म्हणतात. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, मी हे पाहिलंच नव्हतं, मी हरले असते. मग विचारलं, "कुठे शिकलात हे?"

मी आजवर या प्रश्नाला अनुभव, तपश्चर्या वगैरे उत्तरं देत आलो. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "ताईकडून."

"पण त्यांना तर तुम्ही हरवलं होतं ना?"

मी म्हटलं, माझा चहा खाली गार होतोय. आणि परत दोन जिने उतरलो.

असो. बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि खोटं सांगितल्याबद्दल कान उपटणे.

तुझा आज्ञाधारक (हे तुला वाचून हसू येईल),
धाकटा

ता. क. तुझ्या शेजारचे कंपाउंडर गुडघ्यासाठी जे हिरवं मलम बनवतात, त्याची एक डबी हवी होती. पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरी. डबी पाठवू नकोस, घेऊनच ये. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी परतीचा सामना आहे. मी गुडघ्याचं कारण देऊन नाव काढून घेतलं आणि चौथ्या पटावर तुझं दिलं. कप्तान म्हणाला, ही बाई कोण? मी म्हटलं, नियम फक्त वयाचा आहे. किताबाचा नाही आणि पुरुषाचाही नाही, वाचून बघ. (कप्तानाशी पुन्हा बोलावं लागलं ते असं.) नाही म्हणू नकोस. तू दुपारी झोपते असं सांगून मोबाइलवर कुणा परदेशी दंतवैद्याला रोज हरवतेस, हे भाचीने मला सांगितलं आहे. ती पोरगी परत चौथ्याच पटावर बसणार आहे. तिने तशी मागणी केली आहे. खुर्ची मी चाकं नसलेली मिळवली आहे.

ता. क. तिसरी. (भाऊजी चहाला गेले ना?) सोबतचं पिवळं पाकीट ओळखलंस? ते हरवलं नव्हतं. त्या सकाळी तू धुणं घेऊन नळावर गेलीस, तेव्हा मी ते गव्हाच्या डब्याखालून काढून फोडलं. घोडा माघारी, स्वतःच्या घरात. तासभर पट मांडून बसलो तेव्हा कळलं, पुढच्या पाच खेळ्यांत मी संपलो होतो. तू चुकीची खेळी लिहिली नव्हतीस. तुला ते माहीत होतं, आणि धुणं वाळत घालून तू घरात आलीस तेव्हा मलाही माहीत होतं. पण माझी पिशवी भरून झाली होती, बाबांनी मला गाडीत खिडकी कबूल केली होती, मी गप्प बसलो. मग तुझ्याच खेळीवर जन्मभर नाव मिळवलं आणि तुला हरवल्याची गोष्ट सांगून टाळ्याही मिळवल्या. ताई, तो डाव मी हरलो होतो. एवढं म्हणायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली. ते जुनं घड्याळ असतं तर झेंडी केव्हाच पडली असती. तू मात्र एकदाही जिना उतरून आठवण करून द्यायला आली नाहीस.

मलम विसरलीस तरी चालेल. तू ये.