सरांची कादंबरी आणि तिचं एक प्रकरण

४ जानेवारी, सकाळी ६.३०
टायपिंग क्लासला कुलूप लावून आठ महिने झाले. आजपासून कादंबरी. रोज पाच पानं, म्हणजे मार्चपर्यंत पुस्तक, जूनपर्यंत पुरस्कार. विषय पक्का: गुरू आणि शिष्या यांचं निर्मळ प्रेम. अनुभव दांडगा. अडतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे टायपिंग शिकायला आलेली मुलगी आत्ता आतल्या खोलीत माझे शर्ट इस्त्री करते आहे. याहून मोठा पुरावा काय हवा?
आज पानं: शून्य. पेन नीट चालत नव्हतं.

९ जानेवारी
आधी अभ्यास. वाचनालयातून सर आणि विद्यार्थिनी अशा विषयावरच्या पाच कादंबऱ्या आणल्या. शेवटची पानं आधी वाचली, वेळ वाचतो. निष्कर्ष: पाचही ठिकाणी भोगतो तो बिचारा सर. एकाची नोकरी जाते, एक गाव सोडतो, एकाला खोकला होतो. मुलीचं पुढे काय झालं हे कुणीच लिहिलेलं नाही. काही झालं नसणार. दोष चार कादंबऱ्यांत मुलीचा, पाचवीत पावसाचा.
मी पावसावर ढकलणार नाही. माझ्या कादंबरीत दोष कुणाचाच नाही. फार तर तिच्या डोळ्यांचा.

२ फेब्रुवारी
लेखणी सुसाट! नायिका वीस वर्षांची, नायक चौतीसचा. (मी पस्तीसचा होतो, पण चौतीस कानाला बरं वाटतं.) नायक तिला मुद्दाम आपल्या टेबलासमोरचं पहिलं मशीन देतो. चूक झाली की बोटांवर पट्टी मारतो, पण हळूच, आणि त्यालाच जास्त लागतं. तिची मैत्रीण फार खिदळते, म्हणून मैत्रिणीची बॅच बदलून टाकतो. ती परीक्षा पास होते, तेव्हा तिचं सर्टिफिकेट तीन महिने कपाटात ठेवतो आणि अजून आलं नाही म्हणून सांगतो. का? तर ती रोज चौकशीला यावी! हे कल्पनेतलं नाही, अस्सल आहे. स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. खांद्यात चमक भरली.
हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१ मार्च
संपली! दोनशे चौदा पानं. सत्काराचं भाषण आरशासमोर दोनदा केलं. 'माझ्या यशात पत्नीचा वाटा आहे' इथे टाळ्या पडतील. त्या वेळात पाणी पिऊन घ्यायचं.

१४ मार्च
प्रकाशकाच्या ऑफिसात. संपादक बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. खुर्च्यांवर पुस्तकांचे गठ्ठे, म्हणून मला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, भाषा ओघवती आहे. (हे लक्षात ठेवणे.) मग म्हणाल्या, 'सर, दोनशे चौदा पानांत ही मुलगी बोलतच नाही.' म्हटलं, कशी नाही? एक्केचाळीस वेळा 'हो सर' म्हणते, मोजून बघा. त्यांनी मोजलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, हा नायक तिला छळतोय, आणि ते लेखकाच्या लक्षात आलंय की नाही, हेच मला समजत नाहीये. मी म्हटलं, तुमच्या पिढीला प्रेम कळत नाही. तर म्हणाल्या, तिच्या बाजूने एक प्रकरण लिहून आणा, मग बघू.
'मग बघू' म्हणजे होच. येताना नवं पेन घेतलं.

२० मार्च
'मला सर फार आवडायचे,' असं लिहिलं. चार दिवस तेच एक वाक्य. शेवटी शक्कल लढवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? हिलाच लिहायला सांगितलं. हिने आधी माझी कादंबरी वाचली. गॅलरीत बसून, दोन दिवस. अवाक्षर बोलली नाही. भारावली असणार. मग लेकीचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून बसली. स्पीड बघून छाती फुगली. शेवटी शिष्या कुणाची!

२८ मार्च
दुपारभर खाडखाड. विचारलं, कुठवर आलं? साठ पानं, म्हणाली. म्हटलं, प्रेमाला जरा आवर घाल, वाचक दमेल. त्यावर पोट धरधरून हसली. इतकी हसलेली कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. साहित्याने संसाराला पालवी फुटते ती अशी.
शर्ट आज मीच इस्त्री केला. कॉलर जळाली. इस्त्रीतच दोष आहे.

११ एप्रिल
एकशे ऐंशी पानं! मला वाचू देत नाही. तुमचे डोळे दुखतील, म्हणते. केवढी काळजी! लेकीला फोन करून सांगितलं, आईने माझ्यावर पुस्तकच लिहिलंय. म्हणाली, 'बाबा, मला पाठवलंय तिने. वाचलं मी.' मग म्हणाली, 'आईला नोकरी लागत होती, हे मला माहीतच नव्हतं.' कसली नोकरी, म्हणेपर्यंत फोन कट. रेंज नसेल.

२६ एप्रिल
संपादक बाईंचा फोन. छापतोय, म्हणाल्या. मी उडी मारली, टीपॉयवर नडगी आपटली. मग खुलासा: फक्त तिचं प्रकरण छापतोय. ते आता स्वतंत्र पुस्तक आहे. माझ्या दोनशे चौदा पानांतलं एक पान त्यांना हवंय, सर्टिफिकेट कपाटात ठेवल्याचं. पुस्तकाच्या शेवटी, 'सरांच्या शब्दांत' म्हणून.
एक तर एक. नाव तर येतंय.

२७ एप्रिल
ही बाजारात गेली. लॅपटॉप उघडाच होता. एका ऑफिसात टायपिस्टची जागा होती म्हणे. सर्टिफिकेट दाखवायची मुदत टळली, त्या दिवशी ती क्लासच्या पायरीवर बसून रडली आणि घरी जाऊन म्हणाली, चूक माझीच, माझाच स्पीड कमी पडला असेल. पुढची चौदा पानं वाचली. रडणं थोडं, विनोदच जास्त. माझ्या पट्टीवर अख्खं पान आहे, फारच मजेशीर. मी हसलो. मग थांबलो.
ती आल्यावर म्हटलं, मी तुझ्या वडिलांकडे रीतसर मागणी घातली होती. सगळे खूश होते. तू नाही म्हणाली असतीस, तर मी काय जबरदस्ती करणार होतो? भाजी ओट्यावर काढून ठेवत म्हणाली, 'मला विचारलं होतं कुणी?'
रागाने नाही. किती वाजले विचारावं, तसं.

२८ एप्रिल, दुपारी ४
दोनशे चौदा पानं पुन्हा चाळली. नायक तिला विचारतो, असं एकही पान नाही. एखादं घालता येईल म्हणून पेन काढलं. परत ठेवलं.
ती टेबलाशी पुस्तकाच्या दुरुस्त्या करत बसली होती. दारात उभं राहून विचारलं, तुला चहा करू का? मान वर न करता म्हणाली, 'नको.'
'नको' म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मग आत जाऊन गॅस बंद केला. तो मी आधीच पेटवून आलो होतो.