टाकीतला समुद्र

९ एप्रिल
महामाया रत्नागिरीहून परतली. गाडीतून आधी काचेची टाकी उतरवली, मग पिशवी. सोबत उमाशंकर — तिच्याच प्राणिशास्त्र विभागातला. समुद्राच्या पाण्याचे कॅन त्यानेच वर आणले. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या सर. कविता शिकवणारे हात हायेत."
ती हसली.

१० एप्रिल
टाकीत वाळू, वाळूत किडे. दिसत नाहीत. बिळात राहून वाळू गिळतात, दुसऱ्या टोकाने बाहेर टाकतात. वर शेवयांसारखी गुंडाळी येते. ती आली की महामाया फोन करते — उमाशंकरला. मी शेजारीच बसलेला असतो.
आई म्हणाली, "देगलुरात बसून समुंदराचं शेण बगून राहिली तुझी बायको."

१२ एप्रिल
ओहोटीचं सांगत होती. चिखलात तिची चप्पल रुतली, उमाशंकरने ओढून काढली. पुढे बराच वेळ किड्यांबद्दल बोलली. मी चपलेपाशीच थांबलो होतो.

१५ एप्रिल
ती नांदेडला गेली, पेपर तपासायला. तोही. जाताना म्हणाली, "हे जगले तरच माझं संशोधन पुढे जाईल. तुमच्यावर सोडून चाललेय हं."

१७ एप्रिल
ऊन भयंकर. टाकीतलं पाणी आटलंय. तिला फोन केला. उचलला त्याने!
"मॅडम चहा घ्यायला गेल्यात. सर, साधं फिल्टरचं पाणी घाला. मीठ अजिबात नको. पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं."
समुद्रातल्या जिवाला साधं पाणी. आणि हे मला त्याने सांगायचं — तिच्या फोनवरून.
आईकडून खडेमीठ घेतलं. दोन मुठी पाण्यात विरघळवून टाकीत ओतलं. चव घेतली. समुद्र कधी चाखलेला नाही. कमीच वाटलं. आणखी एक मूठ.

१८ एप्रिल
एकही गुंडाळी नाही.

१९ एप्रिल
किडे वाळूवर येऊन पडलेत. पहिल्यांदाच पूर्ण दिसले. काळपट, बोटाएवढे. हलत नाहीत.

२० एप्रिल
ती आली. टाकीपाशी बसली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. माझ्याकडे पाहिलं. जेवली नाही.

२१ एप्रिल
उमाशंकर आला. पाणी तपासलं. "सर, मी फोनवर सांगितलं होतं ना —"
"मीठ मी घातलं," महामाया म्हणाली. "नांदेडला निघण्याआधी. माझंच चुकलं." त्याच्या डोळ्यांत बघून. आवाज जरासुद्धा हलला नाही.
तो गेला. तिने माझ्यासाठी चहा टाकला.
खोटं इतकं सहज जमतं तिला.