निशातगंजचं घर दाखवताना

निशातगंज, लखनौ
१२ फेब्रुवारी १९९६

चि. देविका,

तुला आणि प्रथमेशला आशीर्वाद. पत्र पोचलं. नाशकात फ्लॅट घेताय, बरं वाटलं. काय काय बघावं म्हणून मला विचारलंस, त्याचं जास्त बरं वाटलं. मी सध्या स्वतःच घर विकतोय, त्यामुळे गिऱ्हाइकं काय बघायचं विसरतात हे मला चांगलं कळलंय.

पाणी किती वेळ येतं ते मालकाला नको, शेजारणीला विचार. घर भर दुपारी बघा. संध्याकाळी दिवे लावले की सगळीच घरं बरी दिसतात. मूळ खरेदीखत बघा, झेरॉक्सवर भागवू नका. इसार देण्याआधी कागद वकिलाला दाखवा. आणि खरेदीखतावर तुझंही नाव घाल. प्रथमेश भला माणूस आहे, तरी घाल.

मुख्य म्हणजे, विकणारा का विकतोय ते विचार. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर 'मुलगा पुण्याला बोलावतोय' असं सांगणार होतो. ते खोटंही नाही, सुजय बोलावतोच आहे.

पण आईचं सुजयने तुला थोडंफार सांगितलं असेल. फोनवर ती माझ्या शेजारीच उभी असते, म्हणून मी बोललो नाही. ती विसरते, देवू. आधी गॅस, किल्ल्या एवढंच होतं. दिवाळीनंतर कोपऱ्यावर सब्जी आणायला म्हणून गेली आणि रात्री पार नदीपलीकडे अमीनाबादेत सापडली. मला एकट्याला आता झेपत नाही.

घर बघायला माणसं येऊ लागली, तर तिला वाटलं तुला बघायला आलेत. तू लग्न परस्पर जमवलंस, त्यामुळे पोह्यांचा कार्यक्रम आपल्या घरी झालाच नाही. तिची हौस राहिली होती. कोणी दारात आलं की ही पातळ बदलते आणि मटार घालून पोहे करते. पहिला आला तो एक कापडवाला. त्याला हिने बसवलं आणि म्हणाली, "लड़की अंदर तैयार हो रही है. और देखिए, लेन-देन हम कुछ नहीं करेंगे." तो बिचारा बशी तशीच ठेवून उठला. त्या दिवशी मी हसलो. नंतर हसू येईना.

मग सक्सेना पतीपत्नी आले. मी त्यांना फाटकातच सगळं सांगून टाकलं. त्या बाईंनी घर नीट बघितलंच नाही. आईजवळ बसून पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले. आईने त्यांचा हात धरून विचारलं, "हमारी बेटी को ठीक से रखेंगे ना?" त्या म्हणाल्या, "हाँ आंटी, बिलकुल अपनी समझकर." मी आत जाऊन रडलो. घर त्यांनाच दिलं. दुसरा एक जण जास्त देत होता, सुजय त्यावरून माझ्यावर चिडलाय.

रजिस्ट्री सात मार्चला आहे. त्यानंतर आम्ही पुण्याला. तू तिथेही भेटशीलच, पण नव्या जागी ती किती गोंधळेल कोण जाणे. या घरात तू तिला भेटावंस असं मला फार वाटतं. रजा मिळत नसेल तर बिनपगारी घे.

आणि ही घाई का, तेही सांगतो. काल भिंतीवरचे फोटो उतरवत होतो. तुझा पदवीचा फोटो तिने माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि बराच वेळ बघत बसली. मग मला हळूच म्हणाली, "मुलगी छान आहे हो. आपल्या सुजयसाठी विचारायची का?"

फ्लॅटचा इसार चार दिवस लांबला तरी चालेल. आधी इकडे ये.

तुझे तात्या

आईचेही आशीर्वाद, माझ्याच अक्षरात.