टेबलापर्यंत रेंज

२७ मे २०१७, शनिवार

माणसं आली. वृषाली दोन बॅगा घेऊन, ईरा एक बॅग, एक सॅक आणि कुलूप लावलेला चेहरा घेऊन.

लग्नाला तीन महिने झाले, पण आजवर मी इथे मरीनाच्या धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आणि मायलेकी शहरात सेरंगूनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बावन्न वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला तेही खूप वाटत होतं. आता ठरलंय ते असं: जूनची सुट्टी तिघांनी बोटीवर काढायची, मग ईराने सांगायचं, जमेल की नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मतावर आमचा संसार. बरोबरच आहे. घर तिचं बदलतंय, माझं नाही.

पुढची केबिन तिला. नवा रंग, नवी गादी, छोटा पंखा. तिने पाहिलं, "नाइस" म्हणाली. मग फोन छताला लावून बघितला, भिंतीला लावून बघितला.

"काका, इथे रेंजच नाहीये."

"डेकवर येते थोडी."

"मग डेकवर झोपू?"

वृ. हसली. मीही हसलो. ई. हसली नाही.

२८ मे, रवि.

ई.चा रोज आठला बाबाशी फोन असतो हे माहीत होतं. कसा असतो ते आज पाहिलं.

मंदार पुण्यात असतो, कॉलेजात शिकवतो. वृ. आणि तो वेगळे झाल्याला चार वर्षं झाली. इथले आठ म्हणजे तिथले साडेपाच. तो चहा घेतो, ही जेवते, फोन समोर उभा करून. एकमेकांना बघत. फ्लॅटवर एकही दिवस चुकला नाही म्हणे.

आज मी टेबलावर तीन ताटं मांडली. ई. तिचं ताट घेऊन वर गेली. खाली आम्हा दोघांना फक्त आवाज. "बाबा? हॅलो? आता दिसतोय... नाही, परत अडकलास... बाबा?" वृ.चा घास हातात तसाच. थोड्या वेळाने ताट खाली आलं, अर्धं भरलेलं. ई.च्या पायाला डास चावलेले.

"इट्स ओके," म्हणाली. नव्हतं.

३० मे, मंगळ

ऑफिसातून लवकर आलो. फोन घेऊन बोटभर फिरलो. वृ. म्हणाली, भूत उतरवतोयस का.

दोन गोष्टी कळल्या. एक, ही पोलादी बोट. घेतली तेव्हा केवढा अभिमान होता, लाटेला दाद देत नाही म्हणून. रेंजलाही देत नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं. एकट्याला कोण फोन करणार होतं? दोन, समोर सामुद्रधुनीपलीकडे मलेशियातलं जोहोर, आणि तिथला टॉवर आपल्या टॉवरपेक्षा जवळ. ई.चा फोन सारखा मलेशियाच्या नेटवर्कवर उडी मारत होता. सेटिंगमध्ये जाऊन आपलं नेटवर्क हाताने निवडून दिलं. आता निदान उड्या बंद.

डेकवर दोन दांड्या. केबिनमध्ये अजून शून्य.

२ जून, शुक्र.

रेंज वाढवणारा बूस्टर ऑनलाइन मागवला होता, तो आला. लावला. केबिनमध्ये पाच दांड्या! ई. ओरडलीच, "काका, फुल!" पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. दात तिच्या आईसारखे.

नंतर सवयीप्रमाणे माहितीपत्रक वाचायला घेतलं, तिथून सरकारी साइटवर गेलो. असा बूस्टर परवान्याशिवाय लावणं इथे गुन्हा. आजूबाजूच्यांचं नेटवर्क बिघडतं त्याने. हे आधी वाचायला हवं होतं, जहाजांची तपासणी करून पोट भरणाऱ्या माणसाने तरी.

काढला. ई.ला जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे शेजारच्या बोटींचे फोन गेले असते?"

"जाऊ शकले असते."

"देन कॅनॉट लाह," इथल्या पोरांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, म्हणजे मग नाही चालणार, आणि ताट घेऊन वर गेली.

डास मारायची कॉइल नेऊन ठेवली तिच्या पायाशी. मंदार स्क्रीनवर चौकोन चौकोन झालेला. मी मान वळवून खाली आलो.

४ जून, रवि.

नवा बेत. बूस्टर नको. रेंज बाहेरच पकडायची, आणि वायफाय करून आत आणायची. सिमकार्ड बसणारा राउटर आणि त्याला बाहेरचा अँटेना. याला मनाई नाही. या वेळी आधी वाचलं.

खरेदीला ई. आपणहून आली. दुकानात मी दहा प्रश्न विचारले, ती शेजारी उभी राहून जांभया देत होती. बाहेर पडल्यावर म्हणते, "तुम्ही त्या अंकलचा इंटरव्ह्यूच घेतलात." नंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, दोघांनी आइस कचांग खाल्लं, रंगीत सरबत घातलेला बर्फाचा चुरा. ती शाळेबद्दल बोलली, मधेच थांबली, पुन्हा बोलली. मी फार विचारलं नाही. विचारलं की बंद होते, हे शिकलोय.

अँटेना मागच्या कठड्याला बांधला. दुपारी तीनला केबिनमध्ये झकास. आठला ठप्प. का ते कळेना. वायरी दोनदा तपासल्या.

७ जून, बुध.

तीन दिवस डोकं खाल्लं या गोष्टीने. कधी चालते, कधी नाही, काही नेम नाही. काल आठला चालली, आज सहालाच गेली.

उत्तर ई.ला सापडलं. डेकवर कठड्याला टेकून बसली होती, समोर मरीनाची दगडी भिंत.

"काका, ती भिंत मोठी झालीय."

"भिंत कशी मोठी होईल?"

"सकाळी भिंतीपलीकडच्या बिल्डिंगी दिसत होत्या. आता फक्त वरचे मजले."

दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ओहोटी! आपला तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली जातो, बोट खाली जाते, अँटेना भिंतीआड. भरतीला वर आलो की टॉवर पुन्हा दिसतो. बत्तीस वर्षं समुद्रावर पोट भरतोय मी.

तिच्या पाठीवर थाप मारणार होतो. हात मधेच थांबला, माझाच. तिने बघितलं, आणि स्वतःच तळहात पुढे केला, टाळी द्यायला.

११ जून, रवि.

आज डोलकाठीवर चढलो.

लांब वायर घातली तर रेंज वायरीतच मुरते, म्हणून राउटरच पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून अँटेनाजवळ वर नेला. खाली फक्त विजेची वायर. मी पट्ट्याच्या झोपाळ्यात, खाली दोर ओढायला मायलेकी. वृ.ने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. ती नोव्हेनाला हॉस्पिटलात रोज लोकांच्या मोडक्या हाडांचे एक्स-रे काढते, तिच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असेल. दोर ई.ने धरला. दोन पाय रोवून, ओठ दाताखाली.

वर वारा. पलीकडे जोहोरच्या इमारती, अलीकडे आपल्या. खालून ई. फोन बघत ओरडतेय. "डावीकडे! अजून! टू मच, मागे! काका, स्टॉप, स्टॉप!" तिथेच आवळला.

उतरलो. ई.चे तळहात लाल. "तुम्ही जड आहात," एवढंच म्हणाली.

आठ वाजता टेबलावर चार जण. तिने फोन आमटीच्या पातेल्याला टेकवून उभा केला. मंदारला मी पहिल्यांदा एवढा नीट पाहिला. चष्मा, कानाजवळ पांढरे केस, हातात कप. तो मला बघून जरा सावरून बसला. मीही.

"आमटी दिसतेय. वृषालीची?"

"काकांची," ई. म्हणाली.

मग तो म्हणाला, "रंग छान आलाय." वृ.ला ठसका लागला. सगळेच हसलो. ई.ने दुसऱ्यांदा भात घेतला.

१४ जून, बुध.

आज मी ओट्याशी होतो, पापड भाजत. पाठ टेबलाकडे. मंदारचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ.

"ईरा, एक सांगायचं होतं. पुढच्या वर्षी तुझ्या ओ लेव्हल्स झाल्या की इकडे येतेस का? अकरावी-बारावी पुण्यात कर. माझ्याकडे राहा. घाई नाही, दिवाळीपर्यंत सांग."

एक शब्द तुटला नाही.

पापड करपला. वृ.चा चमचा वाटीत वाजायचा थांबला. ई. म्हणाली, "ओके बाबा, विचार करते," आणि जेवत राहिली. कॉल संपल्यावर ताट धुऊन तिच्या केबिनमध्ये गेली. दार लोटलं, पूर्ण लावलं नाही.

वृ. डेकवर. मी शेजारी जाऊन बसलो.

"तूच त्याला लाइन टाकून दिलीस," म्हणाली.



मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं."

"तुटक ऐकू आलं असतं तरी त्याने विचारलंच असतं गं."

"हो. पण तुझ्या टेबलावर बसून नसतं विचारलं."

१५ जून

काही नाही. ऑफिस. एका जुन्या टगची, जहाजं ओढणाऱ्या बोटीची, तपासणी. तळ सांगितला होता त्यापेक्षा बरा निघाला. दिवसभर एकच: तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत पोरीला इथे येऊन, आणि मला...

राहू दे.

१९ जून, सोम.

सकाळी जोराचा पाऊस, विजा. दुपारी घरी येऊन बघतो तर राउटर मेलेला. वृ.ची आज सुट्टी. ई. मैत्रिणीकडे सेरंगूनला, संध्याकाळी येणार.

खरं लिहितो. राउटर मेलाय हे कळल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं. दोन दिवस टेबल आमचं तिघांचं झालं असतं. पाऊस, पार्ट मिळत नाही, काहीही सांगता आलं असतं. वर कोण बघायला जाणार?

चहा केला. प्यायलो नाही. आकाश मोकळं झाल्यावर वृ.ला म्हटलं, दोर धरशील का?

तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग साडीचा पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला आणि दोर हातात घेतला. या वेळी वर बघत राहिली, मी उतरेपर्यंत.

डब्याच्या एका कडेने पाणी शिरलं होतं. प्लगची पिन हिरवट. पुसलं, वाळवलं, नवं रबर बसवलं. साडेसातला दिवा लागला. ई. आठला पाच कमी असताना धावत आली, फोन उभा केला, ताट ओढलं. काही बिघडलं होतं हे तिला माहीतच नाही. आम्ही सांगितलं नाही.

२३ जून, शुक्र.

कॉल संपता संपता ई. हात धुवायला उठली. मंदार म्हणाला, "श्रीरंग, एक मिनिट."

मी खुर्ची ओढली.

"त्या दिवशी तुमच्या घरात बसून मी ते बोलायला नको होतं."

"घरात बोललात ते बरं झालं. मागून कळलं असतं तर जास्त लागलं असतं."

त्याने कप बाजूला ठेवला. "झोपते का ती नीट? लहानपणी पाण्याला फार घाबरायची. मुळेच्या घाटावर नेली की माझा शर्ट सोडायची नाही."

मला हे माहीत नव्हतं. पहिल्या रात्री ती पाण्याच्या आवाजात एकटी कशी झोपली असेल?

"झोपते," म्हणालो. "परवा बोट हलली तेव्हा आम्हीच जागे झालो."

"बरं," तो म्हणाला. मग पुन्हा, "बरं."

ई. ओले हात पुसत आली. "काय चाललंय तुमचं?" दोघंही म्हणालो, काही नाही.

२५ जून, रवि.

परवा शाळा. आज हरी राया, इथली ईद, अर्धा बाजार बंद, तरी भाजी आणायला मी आणि ई. गेलो. पालक, दुधी, नारळ, तांदळाची पिशवी.

परत येताना धक्क्याच्या तोंडाशी म्हणाली, "काका, आईला सांगितलंय मी. फ्लॅट सोडला तरी चालेल. बोट इज ओके."

"ओके म्हणजे?"

"ओके म्हणजे ओके लाह."

चार पावलं गेलो. मग थांबलीच.

"मी पुण्याला गेले तर तुम्हाला वाईट वाटेल?"

"वाटेल."

"मग तेव्हा काहीच का नाही म्हणालात?"

"तुझा बाबा विचारत होता. मी मधे बोलून तुझं अवघड कशाला करू? आणि मला कुणी विचारलं नव्हतं."

"आता विचारलं ना."

"आता सांगितलं. पण त्यावरून ठरवू नकोस. तुला काय हवंय ते बघ."

"तेच तर माहीत नाहीये," म्हणाली. पाण्याकडे बघत राहिली. ओहोटी लागली होती, खांबांवरचे शिंपले दिसायला लागले होते.

मग तिने माझ्या हातातली तांदळाची पिशवी ओढून घेतली, तिची पालकाची मला दिली, आणि पुढे चालू लागली. हलत्या फळ्यांवरून, कठडा न धरता.