माहेरची गादी

आई, तुम्हाला चटईच हवी होती, हे मला आता कळलं.

कंपनीच्या चाळीत खोल्या मिळाल्या तेव्हा माझ्या माहेरून आलेली कापसाची गादी मी मोठ्या मानानं तुमच्यासाठी अंथरली. तुम्ही म्हणालात, "मला आपली चटई बरी गं. गादीवर दम लागतोय." मी स्वयंपाकघरातूनच ऐकवलं, "माझ्या माहेरचं टोचत असेल." तुम्ही गादीवर जाऊन पडलात. पुन्हा चटईचं नाव काढलं नाहीत. सकाळी उठायचात त्या धापा टाकतच. मोशीला वन्संकडे गेलात, तिथं चटईवर निजलात, की आठ दिवसांत खणखणीत. परत आलात की स्टोव्हला पंप मारता मारता मी म्हणायची, "लेकीकडे बरा सुटतो दमा! इथं भाकरी थापायची आली की धरतो." तुम्ही हसायचात. "व्हय बाई, दमाबी शहाणाच हाय."

दुपारी मीही त्याच गादीवर पडायची. मला कधी शिंक आली नाही. म्हणून तर तुमचं खोटं वाटायचं.

आता तुमची नात दहा वर्षांची आहे आणि तुमच्यासारखीच छाती धरून बसते. तुमच्या माघारी, चांगली वस्तू टाकायची कशाला, म्हणून तीच गादी पिंजून मी तिला दिली होती. डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं, ताडून पाहायला माझंही, आणि मुंबईला पाठवलं. गादीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात म्हणे. त्यांच्याविरुद्ध रक्तात किती प्रतिपिंडं तयार होतात, ते मोजतात; जितकी जास्त, तितका त्या धुळीनं दम लागतो. तिचा आकडा डॉक्टरांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. माझ्या रक्तात जवळजवळ काहीच नाही. माझ्या त्या रक्तावरून मी तुम्हाला ढोंगी ठरवलं. तुमचं कुणी मोजलंच नाही.

"घरात आधी कुणाला दमा होता का?" डॉक्टरांनी विचारलं. पोरीच्या उपचाराला ते कळायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही." हो म्हटलं असतं तर त्यांनी पुढं विचारलं असतं, त्या कशावर झोपायच्या.

पोर आता चटईवर निजते. गुरुवारी परत बोलावलंय. हे पत्र पोथीत ठेवते आहे. आज पूजा झाल्यावर देवापुढे म्हणून पाहिलं, "माझ्या सासूबाईंना होता." तेवढं म्हणता आलं. गादीचं नाही आलं.